दर्शन राहिलं तो शनिवार

देवळाच्या दारापर्यंत अनवाणी चालत जायचं आणि दर्शन न घेता बाहेर बसून राहायचं, ही वेळ माझ्यावर आली तेव्हा देवावरचा माझा विश्वास पार डळमळला होता. आपलं काहीतरी मोठं चुकलं असणार, त्याशिवाय तो असा दारातून परत पाठवणार नाही, असं वाटत होतं. आणि चुकलंच असेल तर ते सांगायची ही कुठली तऱ्हा, असा रागही आला होता. राग मला लवकर येतो. सासूबाई म्हणतात, हिच्या मशीनपेक्षा हिचं डोकंच जास्त फिरतं.

मशीन म्हणजे शिलाई मशीन. पुंडलिकनगरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. त्या वर्षी मी एकतीस वर्षांची होते, मुलगी पाच वर्षांची. कॉलनीतल्या बायका साडी समोर टाकतात आणि विचारतात, हिच्यावर कुठलं अस्तर जाईल, कुठला दोरा जाईल. मी एका नजरेत सांगते. हा राणी, हा मरून, हा डाळिंबी, हा विटकरी. रंगाच्या बाबतीत आमच्या गल्लीत माझा शब्द शेवटचा असतो. ही बढाई नाही, पुढे याचा संबंध येणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवते.

त्याच्या आदल्या वर्षी माझ्या यजमानांचा उजवा हात कंपनीत प्रेसखाली आला होता. वाळूजला त्यांची नोकरी. दोन बोटं जातात की राहतात अशी अवस्था होती. तेव्हा मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून नवस बोलले होते, की हात पूर्वीसारखा होऊ दे, श्रावणातले चारही शनिवार घरापासून अनवाणी चालत भद्रा मारुतीला येईन. खुलताबादचा हा मारुती आमच्या भागातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. इतर ठिकाणी मारुती उभा असतो, गदा घेतलेला असतो, इथे तो चक्क आडवा झोपलेला आहे. शनिवारी आमच्याकडून माणसं त्याला पायी जातात. यजमानांचा हात बरा झाला. पेला धरता येऊ लागला, मग स्कूटर, मग पुन्हा कामावर रुजू झाले. म्हणजे देवाने त्याचं काम केलं होतं आणि आता माझी पाळी होती.

नवस फेडायच्या त्या वर्षी मे महिन्यात मला एकदा लघवी लाल झाली होती. हे लिहायला संकोच वाटतो, पण हे लिहिलं नाही तर पुढचं सगळं अर्धवट राहील. आपल्याकडे उन्हाळ्यात असं काही झालं की घरोघर एकच निदान असतं, उन्हाळी लागली. सासूबाईंनी धन्याचं पाणी दिलं, सब्जा भिजवून दिला, माठात वाळ्याची जुडी टाकली. दोन दिवसांत लघवी साफ झाली. सब्जाची वाहवा झाली आणि मी पुन्हा मशीनवर बसले. उन्हाळी लागली की जीव जातो अशी जळजळ होते, मला तर जराही जळजळ नव्हती. पण हा विचार माझ्या मनात आला नाही. लग्नसराईचे ब्लाउज पडले होते, विचार करायला सवड कुठे होती.

श्रावणातला पहिला शनिवार छान गेला. रात्री एकलाच निघाले, कॉलनीतल्या तिघी सोबत होत्या. पडेगाव, मिटमिटा, मग उजाडताना दौलताबादचा किल्ला, मग घाट. तळपायाला खडे टोचत होते आणि मी मनातल्या मनात देवाला ऐकवत होते, बघ, तुझं ठेवलं नाही काही. दहाच्या सुमारास दर्शन झालं. शेंदराने माखलेला तो भलामोठा देव निवांत पहुडलेला पाहून मला थोडं हसू आलं. एवढी माणसं एवढ्या लांबून पायी येतात आणि हा बघा.

दुसऱ्या शनिवारी त्या तिघींपैकी कुणालाच जमलं नाही. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाकडे पाहुणे. मी एकटीच निघाले. म्हणजे रस्त्यावर माणसं खूप होती, माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. घाट चढताना डाव्या कुशीत जडसर वाटत होतं. चालण्याने असेल म्हणून मी पदर खोचून तशीच चालत राहिले. देवळाच्या अलीकडे स्वच्छतागृहात गेले आणि मला लाल दिसलं.

माझ्या मनात एकच आलं, पाळी आली. तारखेला अजून बारा-तेरा दिवस होते, पण इतकं चाललं की होतं असं मागेपुढे. पिशवीत सोय होती ती केली आणि बाहेर येऊन उभी राहिले. समोर देवळाची रांग. माझ्या हातात नारळ, पानाफुलांचा पुडा. आमच्या घरात पाळीचे चार दिवस देवाला शिवत नाहीत. कुणी डोळे वटारून सांगत नाही, पण शिवत नाहीत, आणि मीही कधी शिवले नव्हते. शहरातल्या किती बायका हे मानत नाहीत ते मला माहीत आहे. मी मानत होते. त्या गर्दीत मला कुणी ओळखत नव्हतं, गुपचूप आत गेले असते तर कुणाला कळणार होतं. पण नवस होता, आणि तो यजमानांच्या हाताचा होता. विटाळ करून आत गेले आणि पुन्हा त्या हाताला काही झालं तर मी स्वतःला काय तोंड दाखवणार होते?

रस्त्याच्या कडेला एक मोठं लिंबाचं झाड होतं, त्याखाली जाऊन मी बसले आणि रडले. अगदी हमसून रडले. वर्षभर मनात धरून ठेवलेली गोष्ट, अर्ध्यावर आल्यावर मोडली.

त्या झाडाखाली आधीपासून एक बाई बसलेली होती. पन्नाशीच्या पुढची, नऊवारी नेसलेली, उन्हाने रापलेली. तिच्यासमोर चपलांचा हा मोठा ढीग. वीस-पंचवीस जोड तरी असतील. तिच्या गावच्या बायका आत दर्शनाला गेल्या होत्या आणि ही त्यांच्या चपला सांभाळत होती. तिने मला थोडा वेळ रडू दिलं. मग पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, कुठली गं तू. मी सांगितलं. ती पिशोरची होती, कन्नडकडची. आत का जात नाहीस म्हणाली. मी खालच्या आवाजात सांगितलं, मावशी, अडचण आली, अवेळी. आणि मग जे कुणाशी बोलले नव्हते ते सगळं त्या अनोळखी बाईशी बोलून गेले. नवस, हात, जड झालेली कूस, मे महिन्यातली उन्हाळी, सब्जा.

सब्जा म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला. ती सरकून माझ्याजवळ आली. आजूबाजूला पाहून हळूच विचारलं, "पोरी, कापड भरलं का?"

मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, नाही, अजून कोरडंच आहे.

"लघवीला बसली तवाच लाल दिसलं? मधी काय नाय?"

"नाही."

"मंग पाळी कशी व्हईल ती? रंग कसा व्हता?"

मला कुणी रंग विचारला की मी खोटं बोलू शकत नाही. माझा धंदाच तो आहे. मी डोळे मिटले तर तो रंग समोर आला आणि मी सांगितलं, विटकरीवर जाणारा, पातळ, सगळीकडे सारखा. पाळीचा रंग असा नसतो. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की हे मला आतमध्येच कळलं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या साड्यांचे रंग जुळवणारी मी, आणि स्वतःच्या अंगातून आलेला रंग पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. मे महिन्यातही हाच रंग होता.

 मग तिने तिच्या लेकीचं सांगितलं. लेक वैजापूरला दिली होती. सव्वीस वर्षांची. तिला असंच लाल व्हायचं, दुखायचं नाही, दोन दिवस व्हायचं आणि थांबायचं. थांबलं की सगळे म्हणायचे बरं झालं. वर्ष असंच गेलं. मग पोटाला हात लावला तर गाठ लागायला लागली. किडनीत कॅन्सर होता आणि तो छातीपर्यंत पोचला होता. "बाळंतपणाला आली व्हती माह्याकडं. मीच सब्जा पाजला तिला," ती म्हणाली. "रोज सकाळी. माह्या हातानं." एवढंच म्हणून तिने डोळे पुसले नाहीत की काही नाही, समोरचा एक चपलेचा जोड नीट लावला.

मी विचारलं, मावशी, तुम्ही आत नाही गेलात? ती म्हणाली, गावच्या बायांसोबत दर वर्षी येते, पण लेक गेल्यापासून आत जात नाही. "झोपलेल्या देवाला काय सांगायचं? माही लेक गेली तवा बी झोपलाच व्हता."

मी म्हटलं, दोन शनिवार राहिलेत, तेवढे झाले की दवाखान्यात दाखवते. तेव्हा ती उठून उभी राहिली. म्हणाली, नाही, आज. घरी जायच्या आधी. मी म्हटलं मावशी, आज शनिवार, दुपारपर्यंत दवाखाने बंद होतील, माझ्याबरोबर कुणी नाही. ती म्हणाली, मी आहे की. आणि खरोखरच तिने त्या सगळ्या चपला दोन गोण्यांत भरल्या, शेजारच्या प्रसादाच्या दुकानातल्या बाईला सांगितलं की पिशोरच्या बाया आल्या की द्या, आणि माझा हात धरून मला जीपमध्ये बसवलं. माझा नारळ माझ्या मांडीवर तसाच होता. देऊळ मागे पडताना मी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मला त्याचा राग आला होता.

आमच्या चौकातले डॉक्टर दवाखाना बंद करत होते. त्यांनी ऐकून घेतलं, पोटाला हात लावला आणि सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली.  सोनोग्राफीच्या ठिकाणी मावशीने मला पाणी पाजून पाजून बसवलं, मध्येच माझ्या तळपायात रुतलेला काटा काढला. आतल्या डॉक्टरबाई यंत्र फिरवत होत्या, गप्पा मारत होत्या, माझ्या ब्लाउजचा गळा कुणी शिवला म्हणून विचारत होत्या. डाव्या कुशीवर आल्या आणि गप्पा थांबल्या. बराच वेळ त्या एकाच जागी फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, घरचं कुणी आहे का सोबत.

मावशी दारात उभी होती. पदर डोक्यावर घेऊन पुढे आली. "मला सांगा. मी मावशी हाय हिची."

गाठ होती. सात सेंटिमीटरच्या आसपास, डाव्या किडनीत. पुढचं सीटी स्कॅनवर कळेल म्हणाल्या. मी यजमानांना फोन लावला, ते ड्यूटीवरून निघाले. ते येईपर्यंत मावशी थांबली. ते येताना दिसले तशी ती उठली, तिला बस गाठायची होती, बाया तिकडे तिची वाट बघत असणार होत्या. माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "आता हयगय करू नको, पोरी." आणि गेली. मी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस कसे गेले ते मला नीट आठवत नाही. सीटी झालं. सर्जन डॉक्टर शांत स्वभावाचे होते, त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. या वयात हे सहसा दिसत नाही, म्हणूनच तरुण माणसं उशिरा येतात, असं ते म्हणाले. घरात आणखी कुणाला असं काही झालंय का विचारलं. डावी किडनी काढावी लागेल, उजवी चांगली आहे, एका किडनीवर माणूस सगळं आयुष्य काढतो. गाठ बाहेर पसरलेली दिसत नाही, पण थांबू नका. मी विचारलं, श्रावण संपल्यावर केलं तर चालेल का? माझे दोन शनिवार राहिलेत. खरं म्हणजे तीन, कारण दुसरा मोजायचा की नाही हे मलाच ठरवता येत नव्हतं. डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "श्रावण दर वर्षी येतो, ताई."

घरी येऊन मी यजमानांशी भांडले. म्हटलं, नवस मोडला तर तुमच्या हाताचं काय.  मग त्यांनी तोच हात माझ्यासमोर धरला, बोटं उघडली, मिटली. म्हणाले, "हात माझा आणि शनिवार तुझे, असं कसं? राहिलेले मी चालतो." मी सासूबाईंकडे पाहिलं. या बाबतीत त्या कडक आहेत, त्या काय म्हणतात याची मला धास्ती होती. त्या म्हणाल्या, त्याने चाललं तरी देवाला पोचतं, घर एकच आहे. आणि आत जाऊन त्यांनी सब्जाची बरणी उचलून कट्ट्याखाली, दिसणार नाही अशी मागे ठेवून दिली. त्यांच्यावर ओरडावं असं मनात होतं, पण ती बरणी आणखी आत ढकलायला त्या गुडघ्यावर टेकलेल्या पाहिल्या आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी काय, मायेनेच दिला होता.

तिसऱ्या शनिवारी यजमान पायी जाऊन आले. त्यानंतरच्या मंगळवारी माझं ऑपरेशन होतं. सोमवारी दवाखान्यात भरती व्हायला निघताना मुलीचा गॅदरिंगचा फ्रॉक मशीनवर अर्धाच होता, एक बाही लागायची राहिली होती. ती बाही मी हातात घेतली आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. ही बाही दुसऱ्या कुणाला लावावी लागली तर? दुसरी कुणी लावेलही, पण खांद्याला चुण्या किती घ्यायच्या हे तिला कोण सांगणार? मी बसले आणि ती बाही लावूनच निघाले. रिक्षा बाहेर हॉर्न वाजवत होती.

ऑपरेशनच्या खोलीत मला उजव्या कुशीवर झोपवलं. गार होतं. हात कुठे ठेवायचा, पाय कसा दुमडायचा, सगळं ते सांगत होते आणि मी करत होते. मी अशी बाई आहे की दुसऱ्याने कापलेलं कापड मी शिवत नाही, कात्री माझीच लागते. आणि आता मी आडवी पडले होते आणि कात्री दुसऱ्यांच्या हातात होती. तेव्हा मला तो आठवला. खुलताबादचा. एवढा ताकदवान देव, ज्याच्याकडे जो तो काहीतरी उचलून घ्यायला सांगायला येतो, तो कसा निर्धास्त आडवा झाला आहे. पहिल्या शनिवारी मला त्याचं हसू आलं होतं. आता वाटलं, मला एवढंच करायचं आहे. पडून राहायचं आहे. मी मनात म्हटलं, बाबा रे, मी पण झोपते, आता तुम्ही सगळे बघा. त्या क्षणी दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मुलीचंसुद्धा नाव घेतलं नाही. नंतरचं काही माहीत नाही.

चौथ्या शनिवारी मी वॉर्डात होते. यजमान रात्रीच निघून दुपारी परत आले, पायाला फोड आले होते, हातात माझा तोच नारळ फोडलेला. त्यांना मी सांगून ठेवलं होतं, त्या लिंबाखाली बघा, चपलांपाशी एक नऊवारीतली बाई असेल. ते म्हणाले, तिसऱ्या शनिवारीही पाहिलं आणि आजही पाहिलं, अशी कुणी बाई नाही तिथे. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी हात जोडले. त्यांच्या मते आता शंकेला जागाच उरली नव्हती, तो स्वतःच बाईच्या रूपात आला होता आणि काम करून गेला होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या हे सांगू लागल्या. मला ते ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण देवाला एसटी कशाला गाठावी लागते आणि काटा काढताना त्याच्या बोटांना मातीचा वास कसा येतो, हे मला सासूबाईंना विचारावंसं वाटायचं.

पट्टी काढली तेव्हा मी टाके पाहिले. डॉक्टरांना म्हटलं, बारीक आहेत, सरळ आहेत, एका ठिकाणी जरा ओढलेत. ते मोठ्याने हसले. रिपोर्ट आला, गाठ किडनीच्या बाहेर गेली नव्हती. दर सहा महिन्यांनी तपासणी करायची, पाणी भरपूर प्यायचं, दुखण्याच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. मी नऊ आठवड्यांनी मशीनवर बसले. गॅदरिंगला मुलीने तोच फ्रॉक घातला.

पुढच्या वर्षी श्रावण आला तेव्हा मला दर्शनाला जायचंच होतं. माझं दर्शन राहिलं होतं. यजमानांनी चालू दिलं नाही, घाटाच्या वरपर्यंत स्कूटरवर नेलं, तिथून आम्ही तिघं सावकाश चालत गेलो. देवळाजवळ आलो आणि मी लिंबाकडे पाहिलं. चपलांचा ढीग होता. आणि ढिगापलीकडे ती बसलेली होती.

मी जवळ गेले तर तिने आधी माझ्याकडे पाहिलंच नाही, हात पुढे केला, चपला द्या म्हणून. मग वर पाहिलं. ओळखायला तिला वेळ लागला. मी साडीचा पदर बाजूला करून कुशीवरचा व्रण दाखवला. तिने त्यावरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि विचारलं, निघालं सगळं? मी म्हटलं, निघालं मावशी. वेळेत निघालं.

मी तिला सांगितलं की आम्ही तुम्हाला किती शोधलं, दोन शनिवार यजमान इथे येऊन पाहून गेले. ती म्हणाली, "तुह्यापायी चार जोड गेले चपलांचे. त्या दुकानवालीचं ध्यान नव्हतं. बायांनी मंग मला त्या साली परत आणलंच नाय." तिने स्वतःच्या पायातला जोडसुद्धा कुणाला तरी देऊन टाकला होता आणि पिशोरपर्यंत अनवाणी गेली होती. मी हसायला लागले आणि मग रडायला लागले. माझ्या नवसाचं अनवाणी चालणं तिने चाललं होतं आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं.

यजमान मुलीला घेऊन रांगेत उभे होते, मला हाक मारत होते. मी उठणार तेवढ्यात मावशी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. म्हणाली, "तू बस. चपला बघ." आणि पदर डोक्यावर ओढून, इकडेतिकडे न पाहता देवळाकडे चालायला लागली.

मी यजमानांना हाताने खूण केली, तुम्ही जा. आणि मी बसले. ऊन होतं, पण लिंबाची सावली होती. माणसं येत होती, बाया चपला काढून देत होत्या, मी जोड लावत होते. एकही चुकू द्यायचा नाही असं मनाशी ठरवलं होतं. मागच्या वर्षी याच जागी बसून मी देवाला नाही नाही ते बोलले होते. त्या दिवशी मला आत जायला मिळालं असतं तर मी नारळ फोडला असता, घरी गेले असते, दोन शनिवार आणखी चालले असते, मग सणवार आले असते आणि मग दिवाळीचे ब्लाउज. मी स्वतःला ओळखते. दार बंद झालं म्हणून मी झाडाखाली बसले, आणि झाडाखाली ती होती. हे कुणी घडवलं ते मला माहीत नाही आणि आता विचारतही नाही. मी एवढंच शिकले की काही वेळा बसवलं तिथे बसायचं असतं. माझ्यासारखीला ते सोपं नाही, अजूनही रोज जमत नाही. पण त्या तासाभरात जमलं होतं, आणि मन भरून आलं होतं. त्या कुशीत आता जिथे काही नाही, तिथेही.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. कपाळाला शेंदूर लागला होता. माझ्याजवळ येऊन टेकली. 

"झोपलाय," ती म्हणाली.

"हो मावशी."

"झोपू दे," ती म्हणाली. "दमला असंल."

गावच्या बाया तिला बोलवायला लागल्या होत्या. मी ढिगातून तिच्या चपला शोधून काढल्या, पदराने पुसल्या आणि तिच्या पायांपुढे ठेवल्या.